गुळवेल, यकृत आणि उंदराची साक्ष

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव म्हणून. मंचर-घोडेगावच्या या परिसरात गुळवेल नवी नाही. बांधावरच्या कडुनिंबावर ती चढते, कुंपणावर पसरते, आणि कडुनिंबावरची वेल अधिक गुणकारी ही समजूत घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आयुर्वेदाने तिला गुडूची म्हटले, अमृता म्हटले. एखाद्याला ताप आला, कावीळ झाली किंवा अशक्तपणा वाटला की वेलीचे कांड ठेचावे, काढा करावा आणि चार दिवस घ्यावा, एवढाच तिचा पूर्वापार व्यवहार होता. २०२० साली करोनाच्या साथीत हा व्यवहार एकाएकी बदलला. चार दिवसांचा काढा चार-चार महिने चालू राहिला. आजारी माणसाचे औषध धडधाकट माणसाचा रोजचा चहा झाले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या उपचारपद्धतीतही गुडूचीला स्थान होते. त्यामुळे शेजाऱ्याच्या सांगण्याला सरकारी अनुमोदन मिळाल्यासारखे झाले.

पुढे काय झाले, हे गावोगावच्या वाचकांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि सर्वांनी गुळवेलीचे सेवन केलेले होते. २०२१ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने त्यास आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही दुसरी जात असावी, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्या रुग्णांत सेवन सुरू केल्यापासून ४६ दिवसांच्या आतच लक्षणे दिसू लागली होती. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, त्या प्रकारच्या यकृतदाहाशी जुळणारी चिन्हे त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत आढळली. लक्षावधी लोकांनी घेतलेल्या वेलीच्या मानाने ४३ हा आकडा लहान आहे, हे खरे. पण ज्याच्या घरी ही कावीळ आली त्याला हे गणित सांगून भागत नाही.

येथे विचार करणाऱ्या माणसाला एक कोडे पडते. गुळवेलीचा अर्क यकृताचे रक्षण करतो, असे प्रयोगशाळेतील उंदरांवर अनेकदा दिसून आले आहे. मग उंदराचे यकृत जिने वाचवले, तिनेच माणसाचे यकृत बिघडवले, असे कसे? उंदीर खोटे बोलले, की डॉक्टर चुकले? खरे म्हणजे दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. उंदराला कोणता प्रश्न विचारला होता, हे लक्षात न घेता त्याचे उत्तर माणसाच्या नावावर मांडले गेले, ही खरी चूक आहे.

या प्रयोगांची रीत ठरून गेलेली आहे. पांढऱ्या उंदरांचे पाच-सहा गट करतात. एका गटाला नेहमीचे खाद्य, दुसऱ्याला यकृत बिघडवणारे रसायन, आणि उरलेल्या गटांना त्या रसायनाबरोबरच वनस्पतीच्या अर्काच्या चढत्या मात्रा देतात. रसायन म्हणून बहुधा कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलची मोठी मात्रा वापरतात. आहाराचा परिणाम पाहायचा असेल तर उंदरांना कित्येक आठवडे चरबीयुक्त किंवा साखरयुक्त खाद्य देऊन त्यांच्या यकृतात मेद साठू देतात. अखेर उंदीर मारून रक्तातील विकरांची पातळी मोजतात, यकृताचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि अर्क मिळालेल्या गटात इजा कमी दिसली की ‘यकृतरक्षक’ असा शिक्का मारतात.

या शिक्क्यातच पहिली मेख आहे. कार्बन टेट्राक्लोराइड हे मूळ रूपात तितकेसे घातक नसते. यकृतातील एक विकर त्याचे रूपांतर करते आणि त्यातून पेशी जाळणारे द्रव्य तयार होते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेतही बव्हंशी असेच घडते. आता एखादा अर्क आधीच पाजून ठेवला आणि त्याने त्या विकरालाच अडवले, तर विष तयारच होणार नाही आणि यकृत सुखरूप राहील. अर्काने यकृत बरे केले असा याचा अर्थ होत नाही. त्याने यकृताचे नेहमीचे एक काम थांबवले, एवढाच अर्थ निघतो. शिवाय माणूस औषध घेतो ते बहुधा दुखणे झाल्यावर. दुखणे येण्याच्या आठवडाभर आधी अर्क पिऊन बसलेला उंदीर त्या माणसाचा प्रतिनिधी कसा ठरावा?

दुसरी मेख जातिभेदाची आहे. पॅरासिटामॉलची जी मात्रा लहान जातीच्या उंदराचे यकृत नष्ट करते, ती मोठ्या जातीचा उंदीर बऱ्याच अंशी पचवतो. जेथे उंदरा-उंदरांतच इतके अंतर, तेथे उंदीर आणि माणूस यांच्यातील अंतराबद्दल काय बोलावे? थॅलिडोमाइड या औषधाने हजारो अर्भके व्यंगे घेऊन जन्माला आली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. या औषधाचा तो दुष्परिणाम उंदरांत सहजी दिसत नाही, सशांत दिसतो, हे जगाला नंतर कळले.

तिसरी मेख मात्रेची. समजा, उंदराला शरीराच्या दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम घट्ट अर्क दिला आणि गुण आला. शरीराच्या पृष्ठभागाचे प्रमाण धरून माणसासाठी हा आकडा सुमारे सहाने भागावा लागतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला रोज जवळपास २ ग्रॅम अर्क लागेल. १०० ग्रॅम वाळलेल्या कांडापासून १० ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर त्यासाठी रोज २० ग्रॅम वाळलेले कांड हवे. त्यातही प्रयोगशाळेतील अर्क अनेकदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि घरचा काढा पाण्यात. जी द्रव्ये अल्कोहोलमध्ये उतरतात ती सारीच पाण्यात उतरत नाहीत. तेव्हा वेल एकच असली तरी उंदराच्या पोटात गेले ते आणि माणसाच्या पेल्यात आले ते एकच, असे समजण्यास आधार नाही.

यावरून प्राणिप्रयोग निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र तितकेच उतावळेपणाचे होईल. याच देशात उंदरांनी माणसाच्या आहाराविषयी फार मोठे धडे दिले आहेत. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९२०च्या दशकात उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना शीख, पठाण, मराठा, कानडी, बंगाली, मद्रासी अशा निरनिराळ्या लोकांचा नित्याचा आहार देऊन पाहिला. कणकेची पोळी, दूध, लोणी, डाळ आणि भाजी खाणारे ‘शीख’ उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, सडलेल्या तांदळावर वाढलेले ‘मद्रासी’ उंदीर सर्वांत खुरटे राहिले, आणि ‘मराठा’ उंदरांचा क्रम या दोहोंच्या मध्ये लागला. लोकांच्या शरीरयष्टीतील फरकाचे मूळ ताटात किती आहे, हे त्या पिंजऱ्यांनी दाखवले. हीच प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपाला आली.

त्याच हैदराबादेत माधवन आणि गोपालन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. बुरशी लागलेल्या भुईमुगात व मक्यात ॲफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. हे विष दिलेल्या उंदरांपैकी भरपूर प्रथिने खाणाऱ्यांना पुढे यकृताच्या गाठी झाल्या. अपुरी प्रथिने खाणारे त्या गाठींतून बचावले. पण विषाची तातडीची इजा मात्र या उपाशी उंदरांनाच अधिक झाली. कोणी अर्धाच निकाल उचलला असता तर ‘कमी प्रथिने खा, कर्करोग टाळा’ असा मथळा सहज झाला असता. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागांत बुरशीचा मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली, आणि तीही गरीब आदिवासी वस्त्यांतील. उंदरांची पूर्ण साक्ष ज्याने ऐकली होती त्याला या दुर्घटनेचा अर्थ लागला. भुईमूग पिकवणाऱ्या आणि साठवणाऱ्या प्रत्येक तालुक्याने हा धडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

खुद्द गुळवेलीच्या बाबतीतही पद्धतशीर वाट चालून दाखवणारे लोक महाराष्ट्रात होऊन गेले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीत खचणारी प्रतिकारशक्ती गुळवेलीने सावरते काय, हा नेमका प्रश्न प्रथम उंदरांना विचारला. तेथे अनुकूल उत्तर आल्यावर त्यांनी सुमारे ३० रुग्णांवर, नेहमीच्या उपचारांसोबत, तुलनेसाठी वेगळा गट ठेवून तो पडताळला आणि १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग ठरलेला, मात्रा ठरलेली आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली, अशी ही शिस्त होती. ‘गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते’ हे एकच वाक्य त्या चौकटीतून उचलून करोनाच्या काळात घरोघर वाटले गेले. ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्याला चेतवणे उपकारक. पण ज्याच्या शरीरात ती आधीच स्वतःवर उलटण्याच्या बेतात आहे, त्याला तीच चेतवणी घातक ठरू शकते. कोडे सुटते ते येथे.

पिंजऱ्यापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा मार्ग किती लांबचा असतो, याचे परदेशी उदाहरणही आहे. युरोपातील एका काटेरी वनस्पतीपासून मिळणारे सिलिमारिन हे यकृतरक्षक अर्कांतील सर्वांत नावाजलेले. आपल्याकडील बहुतेक प्रयोगांत तुलनेसाठी तेच वापरतात. पण हेपॅटायटिस-सी झालेल्या रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली तेव्हा, २०१२ च्या निष्कर्षांनुसार, नेहमीपेक्षा मोठ्या मात्रेतही ते कोऱ्या गोळीहून सरस ठरले नाही. ज्याला मापदंड मानले त्याचीच ही अवस्था असेल, तर त्या मापाने मोजलेल्यांची काय कथा?

आणि तरीही हे प्रयोग चालूच आहेत. वनस्पती बदलायची, रसायन तेच ठेवायचे, उंदीर तेवढेच मारायचे आणि प्रबंध पुरा करायचा, हा परिपाठ औषधनिर्माणशास्त्राच्या कित्येक महाविद्यालयांत रुळला आहे. पुढे त्या अर्कातील द्रव्य वेगळे काढणे, त्याची दीर्घकाळची विषारिता तपासणे, माणसावर चाचणी करणे, यांतले काहीच होत नाही. पदवी मिळते, पिंजरा रिकामा होतो आणि ज्ञानात भर पडत नाही. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा व १९९८ चे नियम यांनी प्रयोगांवर देखरेखीची व्यवस्था केली आहे. प्रत्येक संस्थेत नीतिसमितीही असते. पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, ही रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये सांगितलेली त्रिसूत्री तेथे पाठ असते. पण ‘या प्रयोगाचे पुढे काय होणार?’ हा चौथा प्रश्न समितीने विचारला पाहिजे. ज्या प्रयोगातून काही निष्पन्न होणार नाही, त्यात एक उंदीर मारणेही अधिकच आहे.

शासनाकडूनही काही गोष्टी व्हायला हव्यात. प्राचीन ग्रंथांत सांगितलेल्या पद्धतीने केलेल्या औषधाला परवाना देताना नव्याने सुरक्षिततेचा अभ्यास मागितला जात नाही. शतकानुशतकांच्या वापराला यात मान दिला आहे, आणि तो देण्यात गैर नाही. परंतु ग्रंथकाराने काही दिवसांपुरते, वैद्याच्या सल्ल्याने सांगितलेले औषध धडधाकट माणसे महिनोन्‌महिने घेऊ लागली, तर तो वापर प्राचीन राहत नाही आणि ग्रंथाची हमी त्याला लागू पडत नाही. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी योजना २०१८ पासून अस्तित्वात आहे. ती तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचली पाहिजे. बाजारातील वेलीची जात ओळखून देण्याची सोय झाली पाहिजे. मंत्रालय म्हणते त्याप्रमाणे दोन वेलींची गल्लत होत असेल, तर ती शोधण्याची जबाबदारी काढा पिणाऱ्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. आणि गुण न आलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले पाहिजेत; यशाचीच नोंद ठेवणाऱ्या वहीवर सावकारही विश्वास ठेवत नाही.

तोवर गावातील शिक्षक आणि महाविद्यालयीन तरुण एक काम करू शकतात. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ असे कोणी सांगितले की त्यांनी चार प्रश्न विचारावेत: कोणावर सिद्ध केले, किती मात्रेने, किती दिवस, आणि दुखण्याआधी की दुखण्यानंतर? ज्यांना यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा विकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून गुळवेल घेऊ नये. काढा घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर काढा त्या क्षणी थांबवावा आणि घेतलेल्या वनस्पतीचे नाव डॉक्टरांपासून लपवू नये. एवढ्या सावधगिरीने पुष्कळ अनर्थ टळतील.

ज्या गावापासून हा विषय सुरू झाला तेथील बावीस वर्षांचा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या गाडीपुढे आडवा झाला आणि स्वदेशीसाठी प्राणाला मुकला. त्या स्वदेशीचा अभिमान कोणालाही असावा. पण ‘आपले आहे म्हणून निर्धोक आहे’ ही स्वदेशीची शिकवण नव्हे. आपल्या मालाची परीक्षा परक्याच्या मालापेक्षा अधिक कसोशीने करण्याची तयारी असेल, तरच त्या अभिमानाला अर्थ आहे. कडुनिंबावरची गुळवेल या परीक्षेला उतरेल, कदाचित काही दुखण्यांत उतरेल आणि काहींत उतरणार नाही. ते ठरेपर्यंत तिला अमृत म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे; प्यायचे मात्र औषधासारखे, मोजून आणि विचारून.