सुगीला परत येतो तो सल्लागार

मानोऱ्याच्या एस. टी. स्टँडवरील चहाच्या टपरीवर बसणाऱ्यांची मते इतकी पक्की असतात की, ती मंडळी मंत्रिमंडळात कशी नाहीत याचे नवल वाटावे. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा तेथे आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आमच्या तालुक्यात पिके सोयाबीन, तूर आणि पऱ्हाटीची. द्राक्षाचा वेल येथे दिसलाच तर लग्नाच्या मांडवावर, तोही कागदाचा. तरी वाद हातघाईवर आला. तेवढ्यात एक जण म्हणाला, "नाशकाच्या वाईनवाल्याईले अक्कल शिकवाले अमेरिकेतून माणूस आणला होता म्हणे! आपल्याइथं काय माणसं नव्हती?"

सारे हसले. मला मात्र हसू आले नाही. वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हा विषय आणला म्हणून रागावू नका. प्यावे की न प्यावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. मला बोलायचे आहे ते सल्ल्याविषयी.

तो अमेरिकेचा माणूस म्हणजे केरी डॅम्स्की. कॅलिफोर्नियातील सोनोमा भागातला हा मद्यनिर्माता. ओरॅकलमधली नोकरी सोडून राजीव सामंत नाशिकच्या वडिलोपार्जित जमिनीवर परतले, तेव्हा त्यांनी याला गाठले. 1997 च्या सुमारास तेथे सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या जातींच्या वेली लागल्या, आणि 2000 साली 'सुला'ची पहिली बाटली बाजारात आली.

या धंद्यात हिंडते पंडित पुष्कळ. 1987 साली टोनी लेथवेट या इंग्रज व्यापाऱ्याने ऑस्ट्रेलियाचे तरुण मद्यनिर्माते फ्रान्समधल्या सहकारी कारखान्यांत धाडले. दक्षिण गोलार्धातला हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपतो, फ्रान्सचा सप्टेंबरात सुरू होतो. मधल्या काळात रिकामा असलेला हात दुसऱ्याच्या घाण्याला जुंपायचा, असा तो साधा हिशेब. पुढे बोर्दोच्या मिशेल रोलाँ यांनी तर सल्ल्याचेच साम्राज्य उभारले. बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांतील ग्रोव्हर यांच्या मळ्यापर्यंत त्यांचा हात पोहोचला. जिकडे जातील तिकडच्या दारूला एकच चव आणतात, असा ठपका त्यांच्यावर आला; 2004 च्या 'मोंदोव्हिनो' या माहितीपटाने तो जगभर नेला.

आता आमच्याकडे दोन पंथ आहेत. एकाला गोऱ्या माणसाचा शब्द म्हणजे वेदवाक्य. दुसऱ्याला परक्याने तोंड उघडले की गुलामगिरीची आठवण होते. मला दोन्ही पंथ सारखेच आळशी वाटतात. सल्ला देणाऱ्याचा रंग पाहिला की सल्ला तपासण्याचे श्रम वाचतात, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान!

सल्लागाराची परीक्षा मी तीन प्रश्नांनी घेतो. पहिला प्रश्न: तो आमचे पंचांग शिकतो काय? कॅलिफोर्नियात वेल हिवाळ्यात झोपतो आणि पीक पावसाळी हवा सुरू होण्याआधी, शरदात हाती येते. नाशिकला वेल झोपतच नाही. उन्हाळ्यात खरड छाटणी, पाऊस ओसरला की गोडी छाटणी, आणि थंड रात्रींनी आंबटपणा राखलेली द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान खुडायची. सोनोमाचे पंचांग नाशकात वापरले असते, तर ऐन पावसात वेलीवर बुरशीच उरली असती. शिकवायला आलेल्याला येथे आधी शिकावे लागले.

दुसरा प्रश्न: तो सुगीला परत येतो काय? डॅम्स्की वर्षानुवर्षे येत राहिले; स्वतःच्या सल्ल्याची चव त्यांनी स्वतःच्या जिभेवर घेतली. तिसरा प्रश्न: आपल्यामागे माणूस उभा करतो काय? त्यांच्याबरोबर काम करून अजॉय शॉ तयार झाले आणि सुलाचे मुख्य मद्यनिर्माते झाले. ज्याच्या वाचून शेवटी अडत नाही, तोच खरा गुरू.

याच कसोट्या मानोऱ्यात लावून पाहू. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी एक सल्लागार आले. ते परदेशी नव्हते. चांगले मराठी बोलणारे, आपल्यातलेच. पडद्यावर चित्रे दाखविली, उताऱ्याचे आकडे सांगितले, फवाऱ्याची यादी दिली. आम्ही उधारीने ती औषधे आणली. पोळा झाला आणि सोयाबीनची पाने पिवळी पडली. फोन लावला, तर पलीकडून उत्तर आले, "साहेबांची बदली झाली." साहेबांचा सल्ला मात्र आमच्या सावकाराच्या वहीत अजून कायम आहे! मग मला सांगा, परका कोण?

नाशिकची गोष्ट सारी गोडच होती, असेही मी म्हणणार नाही. 2008 च्या मंदीनंतर वाईनचा माल पडून राहिला, कारखान्यांनी द्राक्षे घेईनाशी केली, आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाढविलेल्या बागा उपटून टाकल्या. सल्लागारांची फी कोणी उपटली नाही! चव जमली, मद्यार्क जमला. पण उद्या गिऱ्हाईक नसेल तर या वेलीचे काय करायचे, हे बागाईतदाराला सांगणे कोणाच्या कामात बसले नाही. अत्यंत निष्णात सल्लागारही येथेच उणा पडतो: नफ्यातला वाटा त्याला ठाऊक असतो, नुकसानीतला नसतो.

म्हणून माझे मागणे सोपे आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहून खाली सही करतो, तसा शेतीचा सल्लाही कागदावर, तारखेनिशी, सहीनिशी मिळाला पाहिजे. आणि मोबदला द्यायचाच असेल तर अर्धा पेरणीला द्यावा, अर्धा सुगीनंतर, बांधावर उभे राहून. ज्याला ही अट जाचेल त्याने खुशाल दुसऱ्या गावची वाट धरावी. तो सोनोमाचा असो की शेजारच्या कारंज्याचा, आम्हांला त्याचे काही देणे-घेणे नाही.

टपरीवरच्या त्या गृहस्थांना मी हेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "खरं हाय बुवा. पण सुगीला परत येईन असा माणूस आणाचा कुठून?"

त्या दिवशीचा चहा मी पाजला. उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. ते आपण सर्वांनी मिळून, पुढच्या पेरणीच्या आत शोधायचे आहे.