पट्टा, पृष्ठभाग आणि आमचे चिन्हवाचक

मोटारीच्या बॉनेटपासून डिकीपर्यंत धावणारे दोन समांतर पट्टे कोणी स्वतःच्या हातांनी चिकटवले, की आमच्या साहित्यवर्तुळात त्याची एक ठरीव समीक्षा होते. गाडी आठशे सीसीची, रस्ता सिंहगड रोडचा, वेग ताशी पंधरा किलोमीटर आणि अंगावर शर्यतीचे पट्टे. म्हणजे चिन्हक आहे, चिन्हित नाही. मग ओघानेच बार्थ येतो, बोद्रियार येतो, ‘उपभोगवादी समाजातील पोकळ चिन्हव्यवस्था’ येते आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक तास सुखरूप पार पडतो. ही समीक्षा आम्हांला मान्य नाही. तिच्या कठोरपणाबद्दल आमची तक्रार नाही. ज्या वस्तूबद्दल ती बोलते त्या वस्तूकडे तिने पाहिलेलेच नाही, ही आमची तक्रार आहे.

पट्टे हे वेगाचे चिन्ह, या गृहीतकावर हा सारा युक्तिवाद उभा असतो. ते गृहीतकच कच्चे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय शर्यतींत गाडीचा रंग देशावरून ठरत असे. इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा. अमेरिकेच्या वाट्याला पांढरे अंग आणि निळा सांगाडा आला होता. चाकांमधली लोखंडी चौकट उघडी दिसत होती तोवर ती निळी रंगवता येई. पुढे पत्र्याचे अंग सर्व बाजूंनी चौकटीवर उतरले आणि निळ्या रंगाला जागा उरली नाही. ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकी धनिकाने १९५० च्या दशकात ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत स्वतः बांधवून घेतलेल्या पांढऱ्या गाड्या उतरवल्या. त्यांच्या पाठीवर निळे पट्टे होते. आत झाकल्या गेलेल्या चौकटीच्या दोन दांड्यांची ती पृष्ठभागावरची आठवण, असे त्यांचे रूढ स्पष्टीकरण आहे. १९६५ च्या शेल्बी जीटी ३५० या गाडीवर हेच रुंद पट्टे ल मांचे नाव घेऊन आले, पण तेही ऐच्छिक म्हणून. प्रत्येक गाडीवर ते नव्हते. १९६८ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये प्रायोजकांचे रंग आले आणि देशांचे रंग हळूहळू मागे सरले. तेव्हा ‘या पट्ट्यांमागे काही नाही’ असे सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की जे नजरेआड झाले त्याचीच खूण म्हणून हे पट्टे जन्मले.

यावर उत्तर तयार असते. सिंहगड रोडवरच्या त्या मुलाला कनिंगहॅम कुठे ठाऊक आहे? नसेल. जात्यावर ओवी गाणाऱ्या बाईला छंदःशास्त्र ठाऊक होते काय, हा प्रश्न याच वर्गात कोणी विचारला तर त्याला अरसिक ठरवण्यात येईल. मग गाडीपाशी आल्यावरच ज्ञानाचा दाखला का मागायचा?

परंतु आमचा खरा मुद्दा इतिहासाचा नाही, हातांचा आहे. पट्टा लावणे म्हणजे काय हे आमच्या चिन्हवाचकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक करून घ्यावेसेही वाटत नाही. गाडीचा मध्य कोठेही लिहिलेला नसतो. तो काढावा लागतो. बॉनेटच्या दोन्ही कडांपासून मोजायचे, मास्किंग टेपच्या तुकड्यांवर खुणा करायच्या, पुढच्या बंपरपासून टपावरून डिकीपर्यंत दोरा ताणायचा. आणि मग दहा पावले मागे जाऊन पाहायचे, कारण मापाने बिनचूक असलेली रेघ डोळ्याला वाकडी दिसू शकते. पत्रा सपाट नसतो. बॉनेटला फुगवटा असतो, टपाला उतार असतो, आणि सरळ रेघ त्यांच्यावरून जाताना आपला सरळपणा गमावते. माप खरे मानायचे की डोळा, हा निर्णय तिथे उन्हात उभ्या असलेल्या माणसाला करावा लागतो. मर्ढेकरांचे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन शब्द उत्तरपत्रिकेत नीट लिहिणाऱ्या किती जणांनी असा एखादा निर्णय कधी केला आहे?

पुढचे काम अधिक शिकवणारे आहे. गाडी साबणाने धुवायची, पॉलिशचा अंश राहू नये म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. साबणाचे चार थेंब घातलेले पाणी पत्र्यावर फवारायचे, म्हणजे गोंद एकदम पकड घेत नाही आणि पट्टी सरकवून जागेवर आणता येते. (काही नव्या पट्ट्यांच्या पाठीवर हवा निसटण्यासाठी सूक्ष्म नाल्या असतात, त्या कोरड्याच लावायच्या.) मग रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत पाणी आणि हवा बाहेर काढायची. दोन पत्र्यांमधल्या फटीपाशी पट्टी कापून तिची कड आत वळवायची. ती तशीच वरून ओढून नेली तर बॉनेट उघडणार कसे? शेवटी कडांना हेअर ड्रायरने ऊब द्यायची आणि दोन दिवस पाणी लागू द्यायचे नाही.

त्या पट्टीचाही स्वभाव असतो. आपल्याकडे तिला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. मूलद्रव्याशी तिचे काही नाते नाही, परंतु चौकाचौकांतल्या रेडियमवाल्यांनी हा शब्द मराठीत असा रुजवला आहे की व्हिनाइल म्हटले तर दुकानदार दोनदा विचारतो. या व्हिनाइलचे दोन प्रकार. एक लाटीव, रुळांतून दाबून काढलेले. दुसरे ओतीव, पातळ द्रव पसरून भट्टीत वाळवलेले. लाटताना कणीक जशी मागे खेचते तसे लाटीव व्हिनाइल वर्षभराने उन्हात आकसते आणि कडांशी गोंदाची काळी रेघ सोडते. ओतीव पापुद्रा पातळ असतो, साधारण पन्नास मायक्रॉनचा, आणि त्याला ताणाची आठवण नसल्यामुळे तो वळणावर निमूट बसतो. सामग्रीचा असा अनुभव ज्याने घेतला त्याच्या कृतीला ‘उपभोग’ म्हणणे हा शब्दांचा आळस आहे.

ज्यांच्या नावाने हा आळस चालतो त्यांनी तो केलेला नाही. बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये सीत्रोएन डीएस या गाडीवर लिहिले आहे. त्या छोट्या निबंधात तो पत्र्यांचे सांधे कसे जुळले आहेत याकडे बारकाईने पाहतो, आणि प्रदर्शनात लोक गाडीला हात लावून लावून कशी ओळखू पाहतात याची नोंद घेतो. स्पर्श त्याच्या वाचनाचाच एक टप्पा होता. आमच्याकडे तो निबंध पोहोचला, त्यातला स्पर्श मात्र वाटेत गळला. बोद्रियारने १९६८ च्या ग्रंथात अमेरिकी गाड्यांच्या शेपटीकडच्या पंखांना न धावणाऱ्या वेगाचे चिन्ह म्हटले, तेही आम्हांला मान्य आहे. ते पंख कारखान्यातून गाडीसोबतच येत होते. ग्राहकाने रविवारची सकाळ घालवून ते बसवलेले नव्हते. हा फरक किरकोळ समजून बोद्रियारचा दाखला जसाच्या तसा सिंहगड रोडवर आणणे, याला वाचन म्हणत नाहीत.

आता काव्यशास्त्राकडून येणारा आक्षेप. तो अधिक वजनदार आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. आनंदवर्धनाच्या मते रसाला अनुकूल अलंकार तोच, ज्यासाठी कवीला वेगळा यत्न करावा लागत नाही. पट्टा तर उघडच मागाहून, वेगळ्या यत्नाने लावलेला. मग तो बाह्यच ठरला ना? परंतु आनंदवर्धन रसात बुडालेल्या कवीच्या निर्मितीबद्दल बोलतो आहे. कारखान्याने तयार करून विकलेल्या पत्र्याला रस कोठला आणि कवी कोण? मोटारीपुरता विचार करायचा तर मम्मट जवळचा वाटतो. त्याने अलंकारांना हाराची उपमा दिली, आणि हार अंगाच्या द्वारे अंगीला उपकारक होतो, कधी होतो, कधी नाही, अशी मोकळीक ठेवली. पट्टा गाडीला शोभला की नाही हे प्रत्येक गाडीपाशी जाऊन पाहावे लागेल, एवढेच यातून निघते. आम्हांला तेवढे पुरे आहे. अनेक पट्टे शोभत नाहीत. भडक पिवळ्या गाडीवरच्या जांभळ्या पट्ट्यांची वकिली आम्ही करणार नाही.

आमचा संताप निराळ्याच ठिकाणी आहे. हेच पट्टे कंपनीने ‘स्पोर्ट’ आवृत्ती म्हणून लावून जादा पैशांना विकले तर आमच्या विभागांत त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. फार तर ‘टेस्टफुल’ म्हणतात. हसायचे ते ज्याने रोल विकत आणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघे टेकून पट्टा लावला त्याला. तो बहुधा आपल्याच वर्गातल्या एखाद्या मुलाचा भाऊ असतो, कधी तो मुलगाच असतो. त्याने समोर बसून ऐकायचे, की त्याने हातांनी जे केले ते पोकळ आहे आणि त्याबद्दल आम्ही उसन्या शब्दांत जे बोलतो ते ज्ञान आहे. अशा तासानंतर तो मुलगा कवितेकडे कोणत्या विश्वासाने येईल?

एक गोष्ट आमच्या बाजूने मान्य केली पाहिजे. हा रोल निरपराध नाही. संगणकाने कापलेल्या याच व्हिनाइलने दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर ब्रशने रंगवणाऱ्या पेंटरांचे काम हिरावले. त्यांच्या हातातल्या अक्षराचा डौल यंत्राला साधलेला नाही. ‘स्वतः केले’ या म्हणण्यात रोल कोणी केला, कशाच्या जागी आला, हे झाकले जाते. पण हा आक्षेप आमच्या चिन्हवाचकांकडून आजवर आलेला नाही. तो पेंटरांकडून आला, आणि त्यांना पट्ट्याच्या पोकळपणाशी काही देणेघेणे नव्हते. कडेच्या सफाईशी होते.

आणि एक तपशील, पुढच्या तासासाठी. पाच-सात वर्षांनी पट्टा काढला, गोंद रॉकेलने पुसला, तरी तो पुरता जात नाही. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो आणि पट्ट्याखालचा तसाच राहिलेला. लाल गाडीवर हे विशेष स्पष्ट दिसते: दोन गडद पट्टे, ज्यांच्यावर आता काहीही चिकटवलेले नाही. यात चिन्हक कोणते आणि चिन्हित कोणते, हे आमच्या मित्रांनी फळ्यावर आकृती काढून दाखवावे. आम्ही मागच्या बाकावर येऊन बसू.