उद्योग घ्यावा तो सांभाळण्यासाठी

मुलगा अमेरिकेत, मुलगी बंगळुरूला आणि भोसरी किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांनी तीस वर्षे राबून उभा केलेला छोटा कारखाना! आता पुढे कोण पाहणार? महाराष्ट्रातील अनेक लघुउद्योजकांच्या घरात हा प्रश्न आज मुक्कामाला आला आहे. त्याचे उत्तर बहुधा एकच निघते. यंत्रे भंगारात जातात, गाळा भाड्याने दिला जातो आणि वीस-पंचवीस कामगारांचे हातचे कौशल्य वाऱ्यावर जाते.

याला दुसरा पर्याय आहे. चालता उद्योग योग्य किमतीला विकत घेणारा आणि तो पुन्हा न विकता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा मालक! या विचाराचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. सीज कँडीज ही कॅलिफोर्नियातील मिठाईची कंपनी १९२१ साली एका कुटुंबाने सुरू केली. वॉरन बफे आणि चार्ली मुंगर यांनी १९७२ मध्ये आपल्या नियंत्रणाखालील कंपनीमार्फत ती अडीच कोटी डॉलरला घेतली. तेव्हा तिचा करपूर्व नफा ५० लाख डॉलरहूनही कमी होता. पुढील ३५ वर्षांत मिठाईची विक्री वजनाने दुपटीच्या आतच राहिली. वाढ वर्षाला जेमतेम दोन टक्के. तरीही २००७ पर्यंत या कंपनीने एकूण १३५ कोटी डॉलरचा करपूर्व नफा मिळवून दिला आणि त्यासाठी नव्याने घातलेले भांडवल होते अवघे ३ कोटी २० लाख डॉलर. हा पैसा मिठाईची दुकाने अवाच्या सवा वाढवण्यात उधळला गेला नाही. तो अन्य उद्योग घेण्यास कामी आला. गाय राखली, म्हणून दुधावर नवे गोठे उभे राहिले.

याउलट वाट खासगी गुंतवणूक निधींची असते. अशा निधीची मुदत बहुधा दहा वर्षांच्या आसपास ठरलेली असते. त्यामुळे उद्योग घेतानाच तो विकण्याचा दिवस डोळ्यांसमोर असतो. पाश्चात्त्य देशांत तर खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा बोजाही अनेकदा त्या उद्योगाच्याच खांद्यावर टाकला जातो. मग चार वर्षांत ताळेबंद सजवायचा, तर प्रशिक्षण, देखभाल आणि जुने ग्राहक यांवरच कात्री चालते.

अर्थात, केवळ धरून ठेवणे हे शहाणपण नव्हे. बफे यांनी १९६५ मध्ये बर्कशायर हॅथवे या कापड गिरणीचा ताबा घेतला. वीस वर्षे चिकाटी धरूनही १९८५ मध्ये कापडाचा व्यवसाय बंदच करावा लागला. गिरण्यांचे भोंगे बंद होताना पाहिलेल्या मुंबईला हे वेगळे सांगायला नको. ज्या उद्योगाचा पायाच खचला आहे, त्याला मालकाचा संयम तारू शकत नाही.

मालकी बदलली म्हणजे ओळख पुसलीच, असेही नाही. १९३१ साली दांडेकर कुटुंबाने सुरू केलेल्या कॅम्लिनची बहुसंख्य मालकी २०११ मध्ये जपानच्या कोकुयोकडे गेली. तरी मराठी मुलांच्या कंपासपेटीतील ते नाव टिकले. मात्र एक प्रश्न बोचतोच. असा दूरचे पाहणारा खरेदीदार आपल्यातून का उभा राहू नये? मराठी मध्यमवर्गाची बचत मुदतठेवीत, सोन्यात आणि फ्लॅटमध्ये निवांत बसते. अनुभवी व्यवस्थापक निवृत्त होऊन घरी बसतात. या दोघांची गाठ मात्र क्वचितच पडते.

विकणाऱ्यालाही आधीपासून तयारी करावी लागेल. घरखर्च आणि धंद्याचा हिशेब एकाच गल्ल्यातून चालत असेल, सारे ग्राहक मालकाच्या वैयक्तिक ओळखीवर टिकलेले असतील, तर खरेदीदाराने विकत घ्यायचे तरी काय? हिशेब स्वच्छ ठेवणे, हाताखालचा माणूस तयार करणे आणि एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबून न राहणे ही कामे हातपाय चालत आहेत तोवरच करायची असतात.

उद्योग विकणे ही लाजेची गोष्ट नाही; तो अनाथ करून जाणे ही आहे. मालक थकतो, तेव्हा उद्योगानेही थकलेच पाहिजे असे नाही. त्याचा हात धरणारा, आणि धरलेला हात न सोडणारा, दुसरा मालक मात्र हवा.