आरोप आधी लहान करा

फेब्रुवारी २०१८ मध्ये बातमी पसरली की एक तेलुगू अक्षर आलं की आयफोनमधली अ‍ॅप्स बंद पडतात. आमचं मुकुटबन तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. इथे मराठीसोबत तेलुगूही कानावर पडते. त्यामुळे एका अख्ख्या भाषेवर ठपका कसा बसतो, हे जवळून कळतं. मे २०१५ मध्येही असाच एक संदेश फिरला होता. त्यात अरबी अक्षरं होती, देवनागरीतलं ॣ हे चिन्ह होतं आणि एक चिनी अक्षरही होतं. पण बऱ्याच बातम्यांत तो ‘अरबी’ मजकूर ठरला.

२०१८ च्या त्या अक्षराची चिरफाड मनीष गोरेगावकर या प्रोग्रामरने केली. एकेक तुकडा बदलून, काढून पाहिल्यावर हाती आला तो क्रम असा: व्यंजन, पाय मोडण्याचं चिन्ह, दुसरं व्यंजन, मग जोडणी तोडणारं एक अदृश्य चिन्ह आणि शेवटी स्वरचिन्ह. बंगालीतही तेच घडत होतं, आणि आपल्या देवनागरीत दुसरं व्यंजन ‘र’ असलं की तेच. म्हणजे दोष तेलुगूचा नव्हता, अक्षरं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचा होता. अ‍ॅपलने त्याच महिन्यात दुरुस्तीही दिली.

कंपायलर बनवणाऱ्यांकडे ही रोजची शिस्त आहे. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. तोच कोसळला, तर हजारो ओळी पाठवून ‘चालत नाही’ म्हणण्याने भागत नाही. मजकूर कापायचा आणि पुन्हा चालवून पाहायचा. कोसळणं कायम असेल तर कापलेला भाग निर्दोष. कोसळणं थांबलं तर तो भाग परत जोडायचा. आंद्रेआस झेलर आणि राल्फ हिल्डेब्रांट यांनी हे काम यंत्राकडून करवून घेतलं. २००२ च्या त्यांच्या निबंधात मोझिला ब्राउझर कोसळवणाऱ्या ८९६ ओळींची एकच ओळ उरली. २०१२ मध्ये युटा विद्यापीठातल्या जॉन रेगर आणि सहकाऱ्यांनी सी भाषेसाठी ‘सी-रिड्यूस’ मांडलं. यात एक पथ्य मात्र कडक आहे: प्रत्येक कापणीनंतर बिघाड तोच आहे ना, हे तपासायचं. नाहीतर भलताच गुन्हेगार हाती लागतो.

मला ही पद्धत न्यायाची वाटते. ती आधी निर्दोषांना सोडते, मग दोषीचं नाव घेते.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. ‘उर्दू माध्यमाच्या मुलांचं मराठी कच्चं’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. वही उघडून पाहा: ‘माझी पुस्तक हरवली’, ‘नवी पुस्तक आणली’. लाल खुणा चार, कारण एक. उर्दूत किताब स्त्रीलिंगी आहे, मराठीत पुस्तक नपुंसकलिंगी. मुलाने एका भाषेचा नियम प्रामाणिकपणे दुसऱ्या भाषेत पाळला. एवढं कळलं की एका तासात शिकवता येतं. ‘मराठी कच्चं’ या आरोपावर मात्र कुठलाही धडा नाही.

एवढा वेळ कुणाकडे आहे, असं विचारलं जाईल. पण सगळ्या भाषेवर, सगळ्या वर्गावर शिक्का मारायला वेळ मिळतोच ना? मग तो इकडे वळवा. मोठा आरोप कुणी दुरुस्त करू शकत नाही. लहान चूक दुरुस्त होते.