गाईची पोटफुगी कळते, श्वानाची कळत नाही

अहिल्यानगर, प्रतिनिधी - पोटफुगी हा शब्द नगर जिल्ह्याला नवा नाही. कोवळा लसूणघास पोटभर खाल्लेली गाय संध्याकाळी डाव्या बाजूने फुगते, मग तिच्या तोंडात आडवी काडी बांधली जाते, गोडेतेल पाजले जाते आणि तरीही श्वास कोंडू लागला तर डॉक्टर डाव्या भकाळीत ट्रोकार खुपसून वायूला वाट करून देतात. दुधावर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात हे ज्ञान गोठ्यागोठ्यात आहे. मात्र ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, मास्टिफ अशा महाकाय जातींच्या श्वानाला हाच त्रास झाला आणि त्याच्यावर हेच उपाय केले, तर ते जिवावर बेतू शकतात.

कारण दोन्ही आजारांचे नाव एक असले तरी घडते ते वेगळे. गाईच्या नेहमीच्या पोटफुगीत वायू कोंडतो, परंतु पोट आपल्या जागी राहते. खोल छातीच्या मोठ्या श्वानात वायूने फुगलेले जठर स्वतःभोवती पीळ खाते. अन्ननलिकेकडचे तोंड बंद होते आणि आतड्याकडचेही. सोबत प्लीहा ओढली जाते, शरीराच्या मागच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला दाबली जाते आणि श्वान आघातावस्थेत जातो. जठराची भिंत मरू लागते. हा सारा खेळ काही तासांचा असतो. अशा वेळी पाजलेले तेल जठरात पोहोचतच नाही; ते फुप्फुसात उतरण्याचा धोका मात्र असतो. सोडा, ताक, ओवा यांचेही तेच.

लक्षणे ओळखण्यातही गफलत होते. श्वान अस्वस्थपणे येरझारा घालतो, लाळ गाळतो, पुन्हा पुन्हा ओकण्याचा प्रयत्न करतो आणि फेसाखेरीज काहीच बाहेर पडत नाही. ही कोरडी ओकारी हेच सर्वांत महत्त्वाचे चिन्ह. पोट फुगलेले दिसेलच असे नाही, कारण या जातींचे जठर बरगड्यांच्या आड लपलेले असते. ‘अपचन झाले असेल, सकाळी पाहू’ असे म्हणून रात्र काढली जाते आणि सकाळपर्यंत हिरड्या पांढऱ्या पडलेल्या असतात. सन २००८ मध्ये आलेल्या ‘मार्ली अँड मी’ या हॉलिवूडपटाने अनेक प्रेक्षकांना रडवले. त्यातील मार्लीचा शेवट याच पिळाने होतो आणि तो तर साधा लॅब्राडोर होता. जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या खोल छातीच्या जातीही या धोक्यातून सुटलेल्या नाहीत.

उपचार शस्त्रक्रियेचाच. पीळ सोडवायचा, मृत भाग काढायचा आणि जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून कायमचे बांधून टाकायचे. हे बांधणे टाळले तर निम्म्याहून अधिक श्वानांना पुन्हा पीळ पडू शकतो. अशी शस्त्रक्रिया करायची तर भूल देण्याची व्यवस्था, रक्तदाबावर नजर ठेवणारी यंत्रे आणि नंतर दोन-तीन दिवस जागता पहारा लागतो. नगरहून अशा सोयींसाठी पुण्याची वाट धरायची तर अंतर सुमारे १२० किलोमीटर. शिक्रापूर आणि वाघोलीची कोंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जामखेडच्या श्वानाला तर आधी नगर गाठावे लागणार.

म्हणूनच खरा प्रश्न पुण्याच्या रुग्णालयाचा नसून नगरमधल्या पहिल्या अर्ध्या तासाचा आहे. बाहेरून जाड सुई टोचून वायू कमी करणे आणि पुढच्या पायांतून वेगाने सलाईन देणे ही कामे स्थानिक पशुवैद्यक करू शकतो. पुढच्याच पायांतून, कारण मागच्या पायांकडून येणारी वाट दाबलेली असते. उजव्या कुशीवर झोपवून काढलेला एक एक्स-रे निदान पक्के करतो. सुईने पीळ सुटत नाही, पण प्रवासापुरता अवधी मिळतो.

सरकारी यंत्रणेकडून येथे फार अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल. १९६२ या क्रमांकाची सेवा आणि पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः शेतकऱ्याच्या जनावरांसाठी उभे राहिले आणि बंगल्यातल्या श्वानाआधी गाय, हा क्रम चुकीचा म्हणता येत नाही. मात्र राहाता तालुक्यात सावळी विहीर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर आहे. तेथील रुग्णालय रात्रीही शस्त्रक्रिया करणार का, हे आताच विचारायला हवे; इमारत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही.

मोठ्या श्वानांविषयीची आपली धोरणचर्चा चाव्यापुरतीच राहिली आहे. केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या आयात, पैदास व विक्रीवर बंदी सुचवणारे परिपत्रक काढले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. वाद गाजला तो माणसांच्या सुरक्षिततेवरून. श्वान पैदाशीसाठी २०१७ पासून नियम आहेत, नोंदणीची सक्ती आहे. तरीही पिलू घेताना त्याच्या आईवडिलांपैकी कोणी पोटाला पीळ पडून दगावले होते का, हे विचारणारा ग्राहक विरळाच. वास्तविक अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलेल्या धोक्यांत आनुवंशिकता ठळक आहे. घाईघाईने खाणे आणि दिवसातून एकदाच भलेमोठे ताट वाढणे हेही त्यात येते. ग्रेट डेनमध्ये तर आयुष्यभरात तीनांतील एकाहून अधिक श्वानांना हा त्रास होतो, असा त्यांचा हिशेब आहे. गंमत म्हणजे मोठ्या श्वानांसाठी दुकानांत हौसेने विकले जाणारे उंच भांड्याचे स्टँडही त्यांच्या २००० सालच्या पाहणीत धोका वाढवणारे ठरले. नंतरचे निष्कर्ष याबाबत एकमुखी नाहीत. तरी तो खर्च तूर्त टाळलेला बरा.

त्याऐवजी निर्बीजीकरणाच्या वेळीच जठर बांधून घेण्याचा पर्याय आहे. तो ठरवून, दिवसाढवळ्या, पुण्यात करता येतो. ज्यांनी तो केलेला नाही, त्यांनी रात्री गाडी काढण्यापूर्वी पलीकडे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हजर आहे का, एवढे फोनवर विचारून घ्यावे. संगमनेर आणि अकोल्याच्या लोकांना पुण्यापेक्षा नाशिक जवळ पडेल.