ग्रुपवर सगळे होते, युनिट कुठं होतं?

लॉकडाऊनमध्ये तुम्हाला किती ई-सर्टिफिकेट मिळाली? खरं सांगा. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये तर रोज एखादी नवी लिंक यायची. ‘कोरोना जनजागृती प्रश्नमंजूषा’. हात किती सेकंद धुवायचे, मास्क नाकाच्या वर की खाली, असे प्रश्न. चाळीस टक्के मार्क पडले की मेलवर रंगीत बॉर्डरचं प्रमाणपत्र हजर. नापास झालात तर तोच फॉर्म पुन्हा भरा, कोण विचारतंय? ज्या कॉलेजचं नावही कधी ऐकलं नव्हतं, त्यांची सर्टिफिकेटं आपल्या मोबाईलमध्ये पडून आहेत.

त्यात वाईट काही नव्हतं. पण एनएसएसच्या अनेक युनिटांचं दीड वर्षाचं काम विचारलं, तर या लिंका, दोन-चार वेबिनार आणि झाड लावतानाचे घरचे फोटो एवढंच समोर येतं. २० ऑक्टोबर २०२१ पासून कॉलेजं उघडली. दिवाळीनंतर युनिटच्या मीटिंगा सुरू होणार होत्या. त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता. त्या दीड वर्षात आपण एकमेकांशी जोडलेले होतो की फक्त एका ग्रुपवर होतो?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. सुरुवात ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थ्यांपासून झाली. हिशोब आपल्याला पाठ आहे : वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. पण युनिट तासांच्या हिशोबावर उभं राहत नाही, हे शिबिर केलेल्या कुणालाही विचारा. शोषखड्डा खणताना हाताला फोड येतात, शंभर जणांच्या खिचडीत मीठ जास्त पडतं, रात्री गटचर्चेत कायम मागे बसणारी पोरगी अचानक उठून बोलते. तिथं ओळख होते. सीनियर ज्युनिअरला शिकवतो तेही तिथंच. गावात गेल्यावर आधी कुणाला भेटायचं, सर्व्हेचा कागद काढण्याआधी ओट्यावर बसून पाणी का प्यायचं, हे कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही.

२५ मार्च २०२० ला हे सगळं थांबलं. २०२१ च्या फेब्रुवारीत कॉलेजची दारं थोडे दिवस किलकिली झाली आणि पुन्हा लागली. म्हणजे ज्यांनी २०२० मध्ये नाव नोंदवलं, त्यांचं २०२१ मध्ये दुसरं वर्ष सुरू झालं तरी त्यांच्यातल्या अनेकांनी शिबिर पाहिलेलंच नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं, ते पास होऊन गेले. सीनियरकडून ज्युनिअरकडे जाणारी साखळी मध्येच तुटली आणि मला याचीच जास्त काळजी वाटली.

विखुरलो, म्हणजे पसरलोही

लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली. कॉलेज बंद, पोरं घरोघर विखुरली, म्हणजे युनिट संपलं. आता उरलं फक्त ऑनलाइन भेटणं. मला वाटतं, इथंच गणित चुकलं.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. धुळ्याच्या कुठल्याही कॉलेजात फक्त धुळे शहराची पोरं नसतात. कुणी साक्रीहून येतं, कुणी शिंदखेड्याहून, कुणी शिरपूरच्या पुढच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून. एरवी शंभर जणांचं युनिट एका दत्तक गावात जातं. लॉकडाऊनने तेच शंभर जण आपापल्या गावात नेऊन बसवले. एका दत्तक गावाऐवजी चाळीस-पन्नास गावांत आपला एकेक माणूस होता. तोही बाहेरून आलेला नव्हे, त्या गावचाच. सरपंचाला ‘काका’ म्हणणारा आणि आशाताईंचं घर माहीत असलेला. एवढं जाळं एनएसएसला शिबिरातून कधी मिळालं असतं?

मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावर काय दिसत होतं ते आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायची गरज नाही. नाशिककडून येणारी माणसांची रांग. डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, पायात फाटकी चप्पल. आर्वी, धुळे, देवभाने, सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर आणि पुढे बिजासन घाट ओलांडून मध्य प्रदेश. रस्त्यावरच्या गावांनी पाणी दिलं, जेवण दिलं, कुणी चपला दिल्या. त्या गावांत एनएसएसची पोरंही होती आणि त्यातली काही रस्त्यावर उभीही राहिली. पण ती एकेकटी होती. सोनगीरच्या पोराला शिरपूरच्या पोराला फोन करून सांगता आलं असतं, ‘इथून एक कुटुंब निघालंय, सोबत लहान बाळ आहे, तुमच्याकडे संध्याकाळपर्यंत पोचेल, दूध बघून ठेव.’ महामार्गाच्या कडेने अशी साखळी करायला ना झूम लागत होतं, ना निधी. कोण कुठल्या गावात आहे याची एक यादी लागत होती. ती बहुतेक युनिटांकडे नव्हती. आपल्याकडे याद्या असतात त्या वर्गवार आणि रोल नंबरच्या.

यावर कुणी म्हणेल, बाहेर पडायला बंदी होती, घरचे सोडत नव्हते. अगदी बरोबर. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना कोरोनाच्या तोंडी ढकलायचं नव्हतंच आणि हिरोगिरी करायची तर मुळीच नव्हती. पण लॉकडाऊनमधली सगळ्यात कामाची सेवा घरी बसून करता येण्यासारखी होती.

साधा फोन, साधं काम

२०२१ चा एप्रिल आठवा. दुसरी लाट, ‘ब्रेक द चेन’, हॉस्पिटलमध्ये बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिव्हिरसाठी नातेवाइकांची वणवण. प्रत्येक ग्रुपवर नंबर फॉरवर्ड होत होते. दहा नंबर लावावेत तर एखादा लागायचा, तोही म्हणायचा, ‘आमच्याकडचा स्टॉक परवाच संपला.’ पेशंटच्या माणसाला हे दहा फोन करायला वेळ नव्हता. घरात अडकलेल्या विद्यार्थ्याकडे वेळच वेळ होता. एकेकाने पाच नंबर घ्यायचे, दर दोन तासांनी लावायचे, चालू असलेला नंबर वेळेसकट यादीत ठेवायचा, बंद असलेला काढून टाकायचा. देशभरात अनेक ठिकाणी तरुण पोरापोरींनी हे काम केलं. ज्या गटांनी केलं ते गट एकमेकांपासून तुटले नाहीत. कारण दुपारी चारला आपला फोन गेला नाही तर यादी खोटी ठरणार, हे प्रत्येकाला माहीत होतं.

लसीकरणाचंही तसंच. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण आधी कोविनवर नोंदणी करा, ओटीपी टाका, स्लॉट धरा. तेव्हा एका मोबाईल नंबरवर चार जणांची नोंदणी व्हायची. मग ज्या आजीकडे साधा फोनच नव्हता, तिनं काय करायचं? गल्लीतल्या पोराने चौघांची नोंदणी केली, दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर लिहून दिली आणि त्या दिवशी आठवण केली, तर तिला पूर्ण लस मिळाली. हे काम अनेकांनी गुपचूप केलं. युनिटच्या रजिस्टरमध्ये मात्र त्याची नोंद सापडणार नाही. नोंद सापडेल ती वेबिनारला कॅमेरा बंद करून बसलेल्यांची.

शिवाय नुसता फोन. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आठवड्यातून दोनदा लावलेला. ‘कशी शे माय? बरी शे ना?’ एवढं आपल्या अहिराणीत विचारलं की पलीकडून दहा मिनिटं बोलणं सुरू. गोळ्या संपल्यात, लेक पुण्यात अडकलाय, बँकेतून पैसे काढायचेत. यातली निम्मी कामं एका निरोपाने होणारी असतात. ज्या मुलींना घरून बाहेर सोडत नव्हते, त्यांना हे काम सहज जमलं असतं. नेट नसलेल्या पाड्यावरच्या स्वयंसेवकालाही जमलं असतं. साध्या फोनला फोरजी लागत नाही.

आपल्यातले जे गप्प झाले

आता जरा अवघड मुद्दा. तुमच्या युनिटचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा आणि सदस्यांची यादी वाचा. कितीजण त्या दीड वर्षात एकदाही बोललेले नव्हते? बऱ्याच ग्रुपांवर तर बोलायची सोयही नव्हती. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ अशी सेटिंग होती. ग्रुपचा नोटीस बोर्ड झाला. नोटीस बोर्डासमोर कोण उभं आहे आणि कोण निघून गेलं, ते बोर्डाला कळत नसतं.

जे गप्प झाले त्यांची कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांकडे किंवा भावाकडे. रिचार्ज संपलेला. कुणी कापूस वेचायला जातं, कुणी दुकानात कामाला लागलं. कुणाच्या घरी माणूस गेलं. एखाद्या मुलीचं शिक्षणच थांबलं. आपण समाजाची सेवा करायला निघालेला गट आहोत. मग आपल्याच यादीतली पंचवीसावी मुलगी कुठं गेली, हे कुणीतरी विचारायला हवं होतं ना? ‘लिंकवर क्लिक करून उपस्थिती नोंदवा’ या मेसेजने ते विचारलं जात नाही.

ऑनलाइन मीटिंग टाकाऊ होत्या असं मी म्हणत नाही. एरवी धुळ्याला कधी आले नसते असे वक्ते ऐकायला मिळाले. पण मीटिंग कशासाठी, हे ठरलेलं नसलं की तिसऱ्या वेळी निम्मी पोरं गायब होतात. काम ठरलेलं असलं तर दहा मिनिटांचा फोनही पुरतो.

या बाबतीत आपल्या धुळ्याकडे फार जुना दाखला आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. दर रविवारी एक अध्याय, असे १८ रविवार. साने गुरुजी त्याच तुरुंगात होते, त्यांनी ती प्रवचनं उतरवून घेतली आणि त्याचं पुस्तक आजही वाचलं जातं. हेच गुरुजी त्याआधी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत होते. तुरुंगाची आणि आपल्या लॉकडाऊनची तुलना होत नाही. तरी दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. एक, वार ठरलेला होता. दोन, लिहून ठेवणारा माणूस होता. आपल्याकडे या दोन्हींचा दुष्काळ पडला.

मग आता काय?

तेव्हा तिसरी लाट येईल की नाही यावर रोज चर्चा चालू होती.  पण लाट नसली तरी पूर येतो, दुष्काळ पडतो, एसटीचा संप होतो. युनिट पुन्हा विखुरणारच आहे. म्हणून पहिल्या मीटिंगचा अजेंडा मी असा ठेवीन.

पहिलं काम, गाववार यादी. नाव, गाव, फोन कुणाचा, तो किती वाजता हातात असतो. ही यादी कार्यक्रम अधिकारी सरांकडेही हवी आणि पाच स्वयंसेवकांकडेही. मुलींचे नंबर सरसकट सगळ्यांना वाटायचे नाहीत, हे सांगायला नको.

दुसरं, पाच-पाच जणांचे गट. गटात प्रत्येकाने बाकी चौघांची खबर ठेवायची. ठरलेल्या वारी एक फोन. कुणी दोन वेळा उचलला नाही तर तिसऱ्यांदा घरी निरोप.

तिसरं, पास झालेल्या बॅचला पाहुणे म्हणून नव्हे, शिकवायला बोलवा. शिबिर कसं भरवायचं हे लॉकडाऊननंतर फक्त त्यांनाच माहीत होतं. वर्षभर थांबलं की तेही नोकरीला लागून लांब जातात.

चौथं सरांना आणि विद्यापीठाला सांगायचंय. घरून केलेल्या कामाचे तासही धरा. चौघांची लस नोंदणी, महिनाभर केलेले फोन, हे वेबिनारच्या हजेरीपेक्षा कमी नाही. डायरीत तारीखवार लिहिलेलं असेल आणि गटातल्या दुसऱ्याची सही असेल, तर त्याला १२० तासांत जागा असायला हवी. ज्याचे तास मिळतात तेच काम पोरं करतात, हे वास्तव आहे.

आणि एक काम तर आजच आहे. २०२१ मध्ये कॉलेजात दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश मिळत होता. कोविशिल्डच्या दोन डोसमध्ये तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं, त्यामुळे अनेकांचा दुसरा डोस बाकी होता आणि ते गेटबाहेरच होते. हजेरी घ्या. ज्या नावांना ‘येस सर’ येणार नाही ती वेगळ्या कागदावर लिहा. मीटिंग संपल्यावर चहाला जायच्या आधी त्या नंबरांवर फोन लावा. मेसेज नको, फोनच लावा.