पालकाचा रिपोर्ट निघाला, पायाचा कधी निघणार?

२० मार्च आला की आमच्या मोबाइलवर चवदार तळ्याचे फोटो भरभरून येतात. आम्हीही टाकतो. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तो आमच्या स्वाभिमानाचा दिवस आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर काय झाले हे आम्ही फारसे सांगत नाही. १९२७ साली आमच्या स्पर्शाने तळे 'बाटले' म्हणून महाडच्या सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या, मंत्र म्हटले आणि पाणी 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले. त्या पाण्याचा नमुना आजच्या प्रयोगशाळेत दिला असता तर कोणत्याही तंत्रज्ञाने शेणातले कोलिफॉर्म जीवाणू मोजून सांगितले असते, की पाणी आमच्या ओंजळीने नव्हे, तर त्या घागरींनी घाण झाले आहे.

पाणी शुद्ध की अशुद्ध हे तेव्हा भटजी ठरवत होते, आज प्रयोगशाळा ठरवते. हा बदल आमच्या बाजूचा आहे. पण या प्रयोगशाळेला प्रश्न कोण विचारतो? नमुना कुणासाठी घेतला जातो? आणि उत्तर आले की ते कुणाच्या घरी पोहोचते?

दीक्षाभूमीच्या शहरातलेच उदाहरण घेऊ. नाग नदी अंबाझरी तलावाकडून निघते, नागपूरभरचे सांडपाणी पोटात घेऊन पूर्वेकडे जाते आणि कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि पुढे वैनगंगेवर गोसीखुर्दचा जलाशय आहे. म्हणजे शहराच्या फ्लॅटमध्ये फ्लश केलेले खाली भंडारा जिल्ह्याच्या अंगावर जाते. त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस साचलेल्या पाण्यात शेवाळ व जलपर्णी पोसतात. ती कुजली की पाण्यातला प्राणवायू संपतो, मासळी मरते आणि ढिवर बांधवाचे जाळे रिकामे येते. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, नीरी, १९५८ पासून याच नागपुरात आहे. ज्ञान कमी आहे म्हणून हे घडते, असे कुणी आम्हाला सांगू नये.

पाणी शुद्ध करताही येते. भांडेवाडीच्या केंद्रात प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापैकी रोज १३० दशलक्ष लिटर कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना झाली. पिण्याचे पाणी वाचते, योजना चांगलीच आहे. पण हिशेब बघा. यंत्राला जाणारे पाणी आधी स्वच्छ करावे लागते, नाहीतर यंत्र खराब होते. नदीकाठी पालक, मेथी, सांभार लावणाऱ्या बाईला मात्र नदीत येईल ते पाणी. तिचे शरीर खराब झाले तर ते कोणत्याही प्रकल्पाच्या खर्चात धरले जात नाही.

आमचे काम वस्त्यांमध्ये आहे. मागे अशाच एका गावात एका संस्थेचे संशोधक आले होते. त्यांनी पाणी बाटल्यांत भरले, माती पिशवीत घेतली, पालकाच्या जुड्या नेल्या. गावकऱ्यांनी चहा पाजला. पुढे त्यावर लेखही छापून आला असे आम्ही ऐकले, पण गावात एक कागद आला नाही. तिथल्या एका मावशींचे पाय घोट्यापर्यंत सोललेले होते. त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, माह्या पालकाचा रिपोर्ट काढला म्हन्तेत. माह्या पायाचा कोन काढन?"

समाजशास्त्राची एम.ए. पदवी घेतलेल्या आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही सरकारी निकष काढून वाचले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत. 'अ' म्हणजे फक्त जंतुनाशक टाकून पिता येईल असे, 'ब' आंघोळीचे, 'क' पूर्ण प्रक्रिया करून पिण्याचे, 'ड' मासे आणि वन्यजीवांचे. शेवटचा 'ई' म्हणजे सिंचन, कारखान्यांचे शीतकरण आणि नियंत्रित सांडपाणी सोडण्यासाठीचे. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ५०० पेक्षा जास्त कोलिफॉर्म नकोत असा निकष आहे. 'ई' वर्गात काय तपासायचे? सामू, क्षारांमुळे वाढणारी विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण आणि बोरॉन. बस. कोलिफॉर्म नाही, जंतांची अंडी नाहीत, शिसे नाही, कॅडमियम नाही. हे पाणी जमिनीला आणि पिकाला चालेल का, एवढेच विचारले आहे. त्या पाण्यात अनवाणी उभे राहणारे माणूस या तक्त्यात नाहीच.

पाचवा वर्ग! पंचम म्हणजे काय, हे आमच्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. हे वर्ग कुणी जात मनात धरून पाडले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या समाजात घाणीत उतरणारा माणूस शतकानुशतके मोजलाच गेला नाही, त्या समाजाच्या तक्त्यातून तो सहज गळतो आणि कुणाला चुकल्यासारखेही वाटत नाही. जातीला दरवेळी कुणाचा द्वेष लागत नाही. सवय पुरते.

विज्ञानाला हे माहीत नव्हते का? होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ सालीच सांगितले, की सिंचनाच्या सांडपाण्यात लिटरमागे जंताचे एकापेक्षा जास्त अंडे नको. हा निकष खाणाऱ्याबरोबर शेतात राबणाऱ्यालाही धरून होता. अंकुशकृमीची अळी घाण मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरते आणि आतड्यात बसून रक्त पिते. मग आरोग्य केंद्रात बाईला लोहाच्या गोळ्या देतात आणि 'नीट खात जा' म्हणतात. ज्या पाण्यात ती उभी असते, त्याबद्दल कोण विचारतो?

आता दुसरी बाजू. दर काही महिन्यांनी 'गटाराच्या पाण्यावरची भाजी, सावधान!' असे मेसेज फिरतात. मुंबईत लोकलच्या रुळांलगतच्या पालकाचे, लाल माठाचे व्हिडिओ येतात. धोका खोटा नाही. पालेभाज्या जड धातू फळभाज्यांपेक्षा जास्त ओढतात. पानावर बसलेली धूळ आणि जंतू धुऊन बरेच कमी होतात, पण मुळातून पानात गेलेले कॅडमियम धुऊन जात नाही. पण हे मेसेज बोट कुणाकडे दाखवतात? भाजीवालीकडे. जड धातू प्रामुख्याने कारखान्यांकडून येतात, मैला शहराकडून येतो, आणि घाणेरडी ठरते ती टोपली घेऊन दारात आलेली बाई. घाण करणारा शुद्ध आणि घाण झेलणारा अशुद्ध, हे सूत्र आम्ही ओळखतो. महाडलाही तेच होते.

यावर काही जण उपाय सुचवतात, वाफे उखडून टाका, बंदी घाला. म्हणजे नदी तशीच राहणार आणि पोट मात्र जाणार. हा उपाय आम्हाला मान्य नाही. पाणी काही दिवस खड्ड्यात निवळू दिले तर जंतांची अंडी तळाशी बसतात. ठिबकने दिले तर पानाला लागत नाही. तोडणीच्या काही दिवस आधी सिंचन थांबवले तर जंतू घटतात. गमबूट मिळाले तर पाय वाचतात. कारखान्यांचे पाणी नदीत येण्याआधीच अडवले तर धातूंचा प्रश्न मुळातच सुटू शकतो. यातले काहीच अशक्य नाही.

आणि थोडे आपल्या माणसांनाही. 'विज्ञान हे त्यांचेच हत्यार आहे' असे म्हणून हात झटकणारे मित्र आम्हाला भेटतात. तर मित्रांनो, चवदार तळ्याची लढाई एका दिवसात संपली नव्हती. दहा वर्षे कोर्टात चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला, कारण समोरच्यांना आपली 'अनादी रूढी' पुराव्याने सिद्ध करता आली नाही. ओंजळीइतकाच तिथे पुरावाही लढला. आज आपल्याकडे पुरावा कुठे आहे? जयंतीच्या डीजेला वर्गणी निघते, मग पाण्याच्या एका तपासणीला का निघू नये?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सिंचनाच्या पाण्याच्या निकषात जीवाणू, जंतांची अंडी आणि जड धातू आलेच पाहिजेत. ज्या गावातून नमुना घेतला, त्या गावाच्या ग्रामसभेत अहवाल मराठीत वाचला गेला पाहिजे. भाजी तपासताना ती पिकवणाऱ्याचे रक्त, त्वचा आणि पायही तपासले पाहिजेत. आणि तरुणांनो, स्पर्धा परीक्षेच्या रांगेतून थोडे बाहेर बघा. मृदाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जलरसायन शिका. माहिती अधिकारात अहवाल मागवा.

संविधानाच्या कलम १५ ने तळी आणि विहिरी आम्हाला खुल्या केल्या. कलम ५१क ने तलाव-नद्या जपणे आणि वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे कर्तव्य केले. पाण्याला हात लावायचा हक्क आमच्या आजोबांनी मिळवला. त्या पाण्यात उभे राहिल्यावर पाय सडू नयेत, हा हक्क आम्हाला मिळवायचा आहे.

पुढच्या २० मार्चला फोटो जरूर टाका. सोबत आपल्या गावच्या पाण्याचा रिपोर्टही टाका.

जय भीम!